उस्ताद, ते नाणं अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय उस्ताद,
सादर नमस्कार.

देवळालीत तोफखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला असं चारचौघांत आभाराचं पत्र आवडणार नाही, हे ठाऊक आहे. ‘काम झालं ना, मग बास,’ असंच म्हणाल. या वेळी ऐकत नाही.

त्या सकाळी रेंजवर तुम्ही खिशातून एक रुपयाचं नाणं काढलंत आणि रायफलीच्या नळीवर, फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरायला असलेल्या पात्याच्या, जरा मागे आडवं ठेवलंत. आत ड्रिल राउंड, म्हणजे दारू नसलेलं काडतूस. नाणं न पडता चाप ओढायचा, एवढंच. नाणं पडलं. तुम्ही वाकून उचललंत, परत ठेवलंत. पुन्हा पडलं, पुन्हा वाकलात. उजवा गुडघा धड वाकत नाही म्हणून दर वेळी डावा हात टेबलाच्या कडेला. चाळीस तरी वेळा हे झालं असेल. तोंडातून ‘हं, पुन्हा’ यापलीकडे एक अक्षर नाही. मी उचलायला खाली झुकलो तर म्हणालात, ‘तुम्ही शिस्त मोडू नका, नाणं माझं काम.’ पलटणीत नेम धरण्याला ‘शिस्त’ म्हणतात हे त्या दिवशी कळलं. आपल्या मराठीत हा शब्द उगाच दुसरीकडे जाऊन बसलाय असं वाटलं.

आता आधी काय झालं होतं तेही लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय या नाण्याची किंमत कुणाला कळायची नाही. ज्या दुकानात रायफल आधी दाखवली, तिथल्या माणसाने दोन बार पाहिले, ‘खाली लागतंय’ म्हणाला आणि कानस घेऊन फोरसाइटचं पातं घासून दिलं. पैसेही घेतले. हिशेब म्हणून ते बरोबरच होतं: फोरसाइट बुटकी केली की गोळी वर जाते, उंच केली की खाली येते. पण गोळी खाली का लागते हे त्याने विचारलंच नाही. घासलेलं लोखंड परत येत नाही, उस्ताद, तेवढं तरी त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

तुम्ही मात्र मॅगझिन स्वतः भरलंत, मला न दाखवता: दोन खरी काडतुसं, मध्ये एक ड्रिल राउंड. त्या खोट्या राउंडवर चाप ओढला तेव्हा आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. सगळं उघडं पडलं. बार उडण्याआधीच खांदा पुढे रेटला जात होता, मूठ आवळली जात होती. दोष रायफलीचा नव्हता, दचकण्याचा होता. ३१५च्या, म्हणजे माझ्या .३१५ बोअरच्या रायफलीच्या, धक्क्याला घाबरून जवळजवळ प्रत्येक जण हे करतो आणि प्रत्येक जण रायफलीला नावं ठेवतो. तुम्ही ‘नवशिके’ हा शब्द एकदाही काढला नाहीत. खिशात हात घातलात आणि नाणं काढलंत.

दचकणं गेलं आणि मग कानशीची करामत दिसली. ५० मीटरवर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, चांगला मुठीएवढा, पण मधल्या ठिपक्याच्या १० सेंटिमीटर वर. इथे तुमचा हिशेब सगळ्यांनी वहीत उतरवून ठेवावा असा आहे. फोरसाइट ते बॅकसाइट (डोळ्याजवळची खाच) अंतर पट्टीने मोजलंत, ५५ सेंटिमीटर. चूक गुणिले हे अंतर भागिले निशाणाचं अंतर: १० गुणिले ५५, भागिले ५०००. उत्तर ०.११ सेंटिमीटर, म्हणजे १.१ मिलिमीटर. पातं आहे त्यापेक्षा तेवढंच उंच हवं. कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहून परवाना असलेल्या कारागिराकडे पाठवलंत आणि वर बजावलंत, ‘दीड मिलिमीटरने उंच बसवून घ्या, उरलेलं रेंजवर बघू. कमी करता येतं, वाढवता येत नाही.’ डावं-उजवं त्याच हिशेबाने: बॅकसाइट जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, फोरसाइट सरकवाल त्याच्या उलट. पितळी ठोकणी, हलका हातोडा, आणि आधी पेन्सिलची रेघ, म्हणजे चुकलं तर मूळ जागी परत येता येतं.

स्कोपवाल्यांची, म्हणजे रायफलीवर दुर्बीण लावणाऱ्यांची, तुम्ही थट्टा करता, पण त्यांनाही धड सांगितलंत. कोनाच्या पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका क्लिकला गोळी १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर हलते. २५ मीटरवर तेवढंच हलवायला चौपट क्लिक लागतात, आणि हे विसरून लोक तासभर टरेट, म्हणजे स्कोपची फिरकी, फिरवत बसतात. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघायचा, रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणायची, मगच पहिलं काडतूस. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यातलं एकेक काडतूस असं वाचतं. एका गोळीवरून काही हलवायचं नाही. तीन गोळ्या, नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, तीन भोकांचा मध्य काढायचा, मग हात लावायचा. टेकू नळीला नाही, पुढच्या लाकडाला. मागच्या दस्त्याखाली हरभऱ्याची डाळ भरलेला जुना पायमोजा. वाळूच्या पिशवीपेक्षा तो बरा, दाबला की केसभर उंची बदलते.

कोणती रायफल घ्यावी हे विचारायला येणाऱ्यांना तुम्ही उलट एकच प्रश्न करता: ‘काडतूस कुठून आणणार?’ अडीअडचणीची तयारी म्हणून मिरवणारे पुष्कळ आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे हौस म्हणून तिसरं आणायची सोय नाही. ३१५ जुन्या वळणाची, जड, धक्का देणारी, पण ईशापूरची रायफल आणि खडकीचं काडतूस आपल्याकडे मिळतं, दुरुस्तीचा माणूस मिळतो, उघड्या साइट पावसात धुरकट होत नाहीत. थर्टी-ओ-सिक्स बोअरची जास्त सरळ जाते आणि जास्त जोरात लाथ मारते. बावीस बोअरची शिकायला उत्तम, धक्का नावाला, पण तिची इवली गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. निफाडच्या सपाट द्राक्षमळ्यात दीड किलोमीटरमध्ये किती वस्त्या येतात ते मोजा. तिची ही गत, तर ३१५ची विचारूच नका. म्हणून मागे मातीचा बांध असलेल्या रेंजवरच बार, मळ्यात ‘जरा तपासून’ बघायचं नाही.

आणि बिबट्याचं नाव काढलं की तुमचा आवाज चढतो. वन्यजीव कायदा १९७२चा, बिबट्या अनुसूची एकमध्ये. त्याच्यासाठी बॅटरी, गोठ्याला जाळी आणि वनखात्याचा फोन. २००८ आणि २०१९ला गोदेला पूर आला, नाशकातला गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा रायफलीने कुणाचं काय भलं केलं, हाही तुमचाच प्रश्न. तुमच्या यादीत आधी पाणी, औषधं, बॅटरी, दोर. रायफल नववी. दुकानात तिला पहिला नंबर असतो, साहजिकच आहे.

पावसाळ्याचंही तुम्हीच शिकवलंत. इगतपुरीकडची हवा लागली की लाकूड फुगतं. ज्या रायफलीची नळी लाकडापासून मोकळी ठेवलेली असते, तिथे दहाची नोट नळीखालून सरकवून बघायची. नोट अडली की ग्रुप सरकलाच म्हणून समजा. स्क्रू आणि पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवायची, स्क्रू ढिला झाला की रेघ तुटते. निवडणुकीत जमा केलेलं हत्यार परत आलं की आधी चार बाय दोन इंचांची कोरडी चिंदी नळीतून ओढायची, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते. मग स्क्रू, मग तीन गोळ्या. उन्हात फोरसाइट चमकली की उजेडाची बाजू डोळ्याला फसवते, त्यासाठी रिकाम्या रायफलीच्या पात्यावर कापराची काजळी, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे कुठल्या माहितीपत्रकात असतं का? शिवाय खंडेनवमीचं: कुंकू दस्त्याला लावा, बोल्टला नको, फूल ठेवायचं तर नळीच्या तोंडात नको. देव रागावत नाही, गंज मात्र चढतो, म्हणालात.

एवढं सगळं करून पैसे विचारले तर तुम्ही चहावर भागवलंत, आणि चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. माहिती असलेली माणसं नाशकात कमी नाहीत. समोरच्याची चूक त्याला लाज न वाटू देता दाखवणारी किती? ज्याने कानस चालवली त्यालाही साइटचा नियम येत होताच. त्याला वाकायचं नव्हतं.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. शेवटचे तीन बार तुम्ही मारून दाखवाल असं वाटलं होतं. रायफल तुमच्यापुढे धरलीही होती. तुम्ही हात मागे घेतलात, ‘डोळा तुमचा, खांदा तुमचा, मग झिरो, म्हणजे नेम जुळवणं, माझ्या डोळ्याने कशाला?’

नवं पातं बसून आलं आहे. दीड मिलिमीटरने उंचच घेतलं. दसरा झाला की पहिल्या रविवारी सकाळी सातला, ऊन बाजूने यायच्या आत, रेंजवर येतो. कानस तुमच्याच हातात देईन. नाणं आणतो, पण या वेळी पडलं तर उचलायला धाकट्या भाच्याला सोबत घेतलं आहे. तुम्ही खुर्चीवर बसायचं.

आपला,
तीनशे पंधरावाला, निफाडकडचा