आमच्या मावशीची हडळ करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं कोकणातल्या भुतांवरचं पान वाचलं. त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण हात थरथरत होता म्हणून एक रात्र जाऊ दिली. आज सोमवार आहे आणि राग तेवढाच आहे.

लेखाच्या आधी चित्राबद्दल बोलते. पाव पानभर हडळ काढली आहे. केस मोकळे, पावलं उलटी, सुळे बाहेर आणि हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. खाली चौकट : तुम्हाला भेटली का? अनुभव पाठवा, निवडक अनुभवांना बक्षीस. चित्रकाराने त्या बांगड्या कुठेतरी पाहून काढल्या असतील. त्या कुठून येतात ते मी सांगते. सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, हिरवा चुडा भरतात, मळवट भरतात, ओटी घालतात आणि मग उचलतात. म्हणजे तुमच्या चित्रातली बाई कुणाची तरी लेक आहे, कुणाची तरी सून आहे. बाळंतपणात गेलेली असेल तर आमच्याकडे तिला अळवंतीण म्हणतात. लेखकाने हडळ, जखीण, लाव, अळवंतीण अशा सगळ्यांची एकच मोट बांधली आणि पुढे गेले.

आमच्या घरात एक अळवंतीण होती. ती माझी सख्खी मावशी.

साल १९५५, आषाढ. तेव्हा आमचा सिंधुदुर्गाचा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. आईची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. शेवटच्या आठवड्यात तिचे पाय इतके सुजले की बोटांतली जोडवी खोबरेल चोळून काढावी लागली. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं ती सांगत होती. पहिलटकरणीला असं व्हायचंच, म्हणून घरच्यांनी मनावर घेतलं नाही. मुलगा झाला, सुखरूप झाला. आणि त्याच रात्री तिला झटके सुरू झाले. दातखीळ बसली, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. खाडी फुगलेली, पलीकडे नेणारी होडी बंद. भूतबाधा उतरवणारा घाडी मात्र वाडीतच राहत होता, तो आला. विहिरीकडच्या बांबूच्या बेटातलं धरलंय म्हणाला. नारळ झाला, कोंबडा झाला, धुरी झाली. पहाटेपर्यंत तिला आणखी पाच-सहा झटके आले आणि ती गेली.

जिवंत होती तोवर तिला भूत लागलं होतं, आणि गेल्यावर तीच भूत झाली. एका रात्रीत.

तिला नेलं तेव्हा दारापासून मसणवटीपर्यंत मागे मोहऱ्या टाकत गेले. ती परत यायला निघाली तर मोहऱ्या मोजत बसेल, तोवर उजाडेल आणि घरापर्यंत पोचणार नाही, ही समजूत. परत आल्यावर उंबरठ्यात लोखंडी खिळा ठोकला. तो खिळा मी पाहिला आहे. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीपासून वीतभर अंतरावर. माथा घासून घासून रुपयासारखा चकचकीत झालेला. सणावाराला आजी उंबरठ्याला हळद-कुंकू लावायची तेव्हा तिचं बोट बरोबर त्या खिळ्याला वळसा घालून पुढे जायचं. आम्ही मुलं त्यावर पाय ठेवत नसू. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीचा मुलगा आजोळीच वाढला. तिन्हीसांजेला तो विहिरीच्या दिशेने निघाला की कुणीतरी ओरडायचं, "थंय जाव नको रे, अळवंतीण आसा." बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं, की ज्या बाईला तो घाबरतो ती त्याची आई आहे. कुठल्याशा लग्नात एका पाहुणीच्या तोंडून निघून गेलं. त्या रात्री तो घरात सापडेना. माणसं कंदील घेऊन शोधायला गेली तर विहिरीच्या काठावर बसलेला. म्हणाला, "ती येतली म्हणान बसलंय."

हा अनुभव तुमच्या बक्षिसासाठी नाही.

पुढे १९७७ साली मी नर्सिंगला गेले. दुसऱ्या वर्षी आमच्या सिस्टर एक्लॅम्प्शिया शिकवत होत्या. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, पाय-तोंड सुजतं, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर झटके येतात. झटके बाळंतपणाच्या आधी येऊ शकतात, बाळंत होताना येऊ शकतात, नंतरही येऊ शकतात. त्या फळ्यावर एकेक लक्षण लिहीत होत्या आणि मी वहीत आमच्या मावशीची गोष्ट उतरवून घेत होते. जोडवी काढली त्या दिवशी तिला तपासणारं कुणी असतं तर! वाचलीच असती असं छातीठोक म्हणणार नाही, पण बांबूच्या बेटाचं नाव तरी निघालं नसतं.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीला सगळं सांगितलं. आजी चुलीपाशी तांदूळ निवडत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमका कोणी सांगूक नाय गो." एवढंच. त्या दिवाळीला उंबरठ्याला कुंकू लावताना तिने पहिल्यांदा त्या खिळ्यालाही बोट लावलं.

छत्तीस वर्षं नोकरी केली. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत हजारात एखाद-दुसऱ्या बाईचं मन पार बिघडतं. झोप उडते, आवाज ऐकू येतात, हे मूल माझं नाहीच असं ती म्हणू लागते. हा आजार आहे, त्याला औषध आहे आणि बाया त्यातून पूर्ण बऱ्या होतात. पण अशी बाई आमच्याकडे सरळ कधीच आली नाही. आधी बाधा झाली म्हणून कुठेतरी फिरून यायची. एकीचे डोळे मिरचीच्या धुरीने इतके सुजलेले होते की उघडता येत नव्हते, बाळ तेरा दिवसांचं. दोन महिन्यांनी तीच बाई बाळाला डोस द्यायला माझ्याकडे हसत आली होती. म्हणून हडळीचं चित्र मला गमतीचं वाटत नाही. ते ज्या घरांत जातं त्या घरांतही बाळंतिणी असतात.

लेखात मुंज्याला ‘ब्रह्मचारी भूत’ म्हटलं आहे. अहो, मुंज झालेला आणि सोडमुंजीच्या आधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. आठ-दहा वर्षांचं लेकरू! ज्याचं पाणी द्यायला मागे कुणी राहिलं नाही तो समंध. विधवा म्हणून गेली ती लाव. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा. यादी नीट वाचली तर कुणाचं काय अपुरं राहिलं याची ती यादी आहे, आणि कुणाची आठवण काढायची गावाला भीती वाटत होती, याचीही.

या समजुती इंग्रजांनीही नोंदवल्या आहेत, म्हणजे त्यात तथ्य असणार, असा लेखकाचा सूर आहे. १९१५ साली एन्थोवेनने कोकणातल्या समजुतींच्या ज्या टिपा छापल्या, त्या मुळात जमवल्या होत्या जॅक्सनने. नाशिकचा कलेक्टर, ज्याला १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली तोच. त्या टिपा म्हणजे गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नांना लिहून पाठवलेली उत्तरं. लोक काय मानतात, हे मास्तरांनी इमानाने लिहिलं. भूत पाहिल्याचा तो पंचनामा नव्हे. आणि वाट चुकवून माणसाला फिरवत ठेवणाऱ्या चकव्याचं कोडं विज्ञानालाही सुटलेलं नाही, हे लेखातलं विधान तर साफ चूक. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ साली माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य-चंद्र दिसेनासा झाला की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. अंधाऱ्या रात्री कातळावर पुन्हा पुन्हा त्याच दगडापाशी येणाऱ्या माणसाला दुसरं काय होतं?

वेतोबाला, म्हणजे आमच्या वेताळाला, भुतांच्या पंक्तीत बसवलंत, याचंही फार वाईट वाटलं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जाऊन बघा. तिथे तो ग्रामदैवत आहे. लोक त्याला केळ्यांचा घड वाहतात, चामड्याची भलीमोठी पायताणं वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि पायताणं झिजतात, ही श्रद्धा. गोव्यात पैंगीणला वेताळाची जत्रा भरते. भुतांचा राजा असेल तो पोथीत, आमच्याकडे माणूस मुंबईला निघताना त्याला सांगून निघतो. मी देव मानते, भुतं मानत नाही, आणि दोन्हींतला फरक आमच्या गावच्या पोरालाही कळतो.

आता दुसरी गोष्ट, लिहिणार नव्हते पण लिहिते. त्याच अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर तीन जाहिराती आहेत. करणी, बाहेरची बाधा, वशीकरण, चोवीस तासांत खात्री, खाली मोबाइल नंबर. तुमच्याच अंकात दर २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर लेख येतो, मी तो कापून ठेवते. २०१३ साली त्यांचा पुण्यात खून झाला, चार दिवसांत सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याची आहे : दोरीने-साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. कायदा अशा प्रकारांच्या प्रचार-प्रसारालाही बंदी घालतो. शिवाय ठरावीक रोग मंत्र-ताईताने बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करणारा १९५४ चा केंद्राचा कायदा आहेच. जाहिरातींतल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही, असं त्या पानाच्या तळाशी बारीक टायपात छापता. त्या नंबरावर फोन करून गेलेली माणसं धुरी देऊन मग दवाखान्यात येतात तेव्हा जबाबदारी कुणाची असते, हे मला तुमच्याकडून लेखी हवं आहे. या विषयावर गेल्या वर्षी मी दोन पत्रं पाठवली होती. एकही छापलं नाहीत, पोचही दिली नाहीत.

लेख मागे घ्या, असं म्हणत नाही. लिहा भुतांवर, जरूर लिहा. पण ती ज्या घरांतून उठली त्या घरांत जाऊन, तिथल्या म्हाताऱ्यांपाशी बसून लिहा. आणि पुढच्या रविवारी अनुभवांच्या चौकटीच्या जागी एवढंच छापा : गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, तोंड-हात-पाय सुजले असतील, झटका आला असेल, किंवा बाळंतीण झोपत नसेल आणि असंबद्ध बोलत असेल, तर कुणालाही बोलवायच्या आधी १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते.

मजकूर मोठ्या टायपात घ्या. आमच्याकडच्या आज्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. सिंधुदुर्ग