आबांना शाळेत नेशील तेव्हा

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल तू रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. १६ डिसेंबरला, विजय दिनी, तुझ्या शाळेत १९७१ च्या युद्धात लढलेल्या आबांचा सत्कार व्हावा याला माझा विरोध नाही. पालिकेच्या शाळेत माझी मुलगी हे घडवून आणतेय, हे ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. म्हणणं एवढंच, पोरांना तो प्रश्न विचारू देऊ नकोस.

मागे एका कार्यक्रमात पुढाऱ्याची वाट बघत आबांना उन्हात बसवून ठेवलं. मग शाल, श्रीफळ, फोटो. आणि एका मुलाने माइकवर विचारलं, "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?" सगळे हसले, आबाही हसले. घरी आल्यावर जेवले नाहीत. रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर अंधारात कॉटवर बसलेले, पायात बूट तसेच.

त्यांना त्या युद्धातली, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या चिठ्ठीची गोष्ट सांगायला लाव, ती ते रंगवून सांगतात. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी लिहिलेलं पत्र घेऊन एक म्हातारा सायकलवरून पाकिस्तानी ठाण्यात गेला, आणि उत्तराच्या कागदात गुंडाळलेली गोळी आली! पोरं तोंडात बोट घालतील. पण तिथेच थांबव. त्यानंतरची १० डिसेंबरची रात्र त्यांच्या जंगी पलटणीने, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, कशी काढली, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, तुझ्या आजीलाही नाही.

आधीच्या तासाला मुलांना नकाशावर जमालपूर दाखव. ७ तारखेला ध्वजदिनाचे पैसे गोळा करता, ते शहिदांच्या घरच्यांसाठी आणि जायबंदी जवानांसाठी असतात, तेही सांग. तू शिक्षिका, तुला मी काय शिकवणार? रागावू नकोस. पण प्रश्न आधी कागदावर लिहून घे, आणि तो असला तर काढून टाक.

लहानपणी काळाचौकीहून आम्ही त्यांना पत्र टाकायचो. पत्त्यात गाव नसायचं, नुसतं ९९ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. आबा राहतात तरी कुठे, हे मला कळायचंच नाही. सुट्टीवर आले की त्यांच्या काळ्या ट्रंकेवर बसून मी जेवायचो, दुसरीकडे जेवणच जायचं नाही. पुढे तोच माणूस बँकेच्या दारात खांद्याला बंदूक लावून लोकांच्या स्लिपा भरून देताना पाहिला. आधी काय करत होतात, असं कुणी विचारलं नाही. त्यांना मान मिळावा असं मलाही फार वाटतं गं.

'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्या युद्धाची पदकं त्यांनी आत्ताच ब्रासोने घासून ठेवलीयत. ब्लेझर ड्रायक्लीनला गेलाय.

एवढं करूनही कुणी विचारलंच, तर तू त्यांच्या शेजारी उभी राहा, लांबून फोटो काढत बसू नकोस. आई विचारतेय, खुर्ची हातांची आहे ना? गुडघ्यामुळे त्यांना त्याशिवाय उठवत नाही. रात्री फोन कर.

तुझे,
बाबा