फिजिओथेरपीवाल्या ताई, तुम्हाला सगळ्यांसमोर थँक्यू

ताई, नमस्कार.

व्हॉट्सॲपवर पण लिहिता आलं असतं, पण मुद्दाम इथे लिहितोय, कारण कॅन्सरमुळे प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) काढल्यावर लघवी गळते हे आमच्या वयाचा एकही माणूस चारचौघात बोलत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन असलं की अख्ख्या सोसायटीला एक्स-रे दाखवत फिरतील.

मला ते आधी कळलं तुमच्यामुळे. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर हिनेच मला ओढून तुमच्याकडे आणलं आणि तुम्ही हिला बाहेर न बसवता माझ्या शेजारची खुर्ची दिलीत. मग सरळ बोललात, काका, प्रोस्टेटबरोबर लघवी अडवणारी आतली झडप जाते, पुढे सगळा भार खालच्या एका स्नायूवर, तर त्याला आजपासून कामाला लावा. गॅस अडवतो तसं खालून आवळायचं, पोट नाही, मांड्या नाहीत, श्वास धरायचा नाही, आणि नंतर खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, यातलं काहीही करायच्या आधी आवळायचं. पाणी कमी करू नका, चहा कमी करा. (चहाचं अजून जमलेलं नाही.)

आणि तो दुसरा विषय, जो डॉक्टरांनी एका वाक्यात उरकला होता, तो तुम्ही हिच्यासमोर नीट सांगितलात. वीर्य आता येणार नाही, नसा वाचवल्या तरी ताठरता परत यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, काहींना येत पण नाही, औषधं असतात, लाजून बसू नका. मी फरशीकडे बघत होतो आणि ही तुम्हाला प्रश्न विचारत होती!

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत हे मला जास्त आवडलं. बहुतेकांचं गळणं तीन महिने ते वर्षभरात आटोक्यात येतं म्हणालात, पण लगेच ब्रिटनमधल्या त्या प्रोटेक्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचं पण सांगितलंत, की ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला सात ते बारा वर्षांनंतरही पॅड लागत होता. आणि त्याच अभ्यासात ऑपरेशन करा, रेडिएशन घ्या नाहीतर नुसती नजर ठेवा, पंधरा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्हीकडे शंभरात तीनच्या आसपास. हे ऐकून मी गार पडलो, म्हटलं मग मी कशाला कापून घेतोय? तेव्हा तुम्ही फाईल उघडून ग्लिसन (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) बघितलात, माझा ४+३ म्हणजे ७ होता, म्हणालात ६ असता तर मीच तुम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं, नुसती नजर ठेवून चालेल का विचारायला, तुमच्या बाबतीत ऑपरेशन ठीक आहे.

आता मला लोक विचारतात पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) करू का, तर मी तुमचंच बोलणं पुढे ढकलतो. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवा, वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर त्याही आधी. ४ च्या वर आकडा आला म्हणजे कॅन्सर असं नाही, प्रोस्टेट नुसतं वाढलं असेल, लघवीत इन्फेक्शन असेल तरी चढतो, म्हणून आधी परत टेस्ट, मग एमआरआय, मग गरज असेल तर बायोप्सी. मला स्वतःला काहीही त्रास नव्हता, नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून सापडलं, त्यामुळे टेस्ट करूच नका म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, पण आकडा बघितला की दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेणाऱ्यांचं पण पटत नाही.

तर खबर अशी की पीएसए ०.१ च्या खाली आहे. डॉक्टर म्हणाले ०.२ किंवा वर, ते पण लागोपाठ दोनदा आलं तरच पुढचं बघायचं. रात्रीचा पॅड सुटला, दिवसा एक पातळ लागतो, तो पण लांब बाहेर जायचं असेल तरच, आणि मेडिकलवाल्याने काळ्या पिशवीत गुंडाळून दिला तर मी पिशवी परत देतो.

व्यायाम चालू आहे. ही टीव्ही बघताना मधेच "आवळलं का?" विचारते, पाहुणे असले तरी.

एक काम होतं. माझ्या मेहुण्याचा पीएसए ६ आलाय आणि त्याने घरात कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त मला. बायोप्सी अजून व्हायचीय. शनिवारी त्याला घेऊन येतो, बायकोला पण आणायला लावतो, तुम्ही फक्त दोन खुर्च्या ठेवा आणि फी त्याच्याकडूनच घ्या.

तुमचा,
सकाळच्या बॅचमधला काका