तुझा केटोचा किराणा

मनू बाळा,

फोनवर सांगायला गेलं की तू 'हो पप्पा, हो पप्पा' करून ठेवून देतेस, म्हणून लिहून पाठवतोय. एवढं टाईप करायला मला दोन दुपारी लागल्यात, दादा गल्ल्यावर बसला म्हणून जमलं, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

मागच्या रविवारी पुण्याला आलो होतो ना, तू आंघोळीला गेलीस आणि मी चहाला साखर मिळते का बघायला तुझं किचनमधलं कपाट उघडलं. साखर नव्हती, ते मी समजू शकतो, पण जे होतं ते बघून मी चहाच विसरलो. एक चकचकीत पाकीट, वर 'रोस्टेड फ्लॅक्स सीड्स', २०० ग्रॅम, १४९ रुपये. मी ते खिडकीपाशी नेऊन बघितलं, म्हटलं काय परदेशी माल आहे बघू तरी. अगं, जवस आहे तो! आपल्या दुकानात आत गेल्यावर डाव्या हाताला, हरभरा डाळीच्या पोत्याशेजारी असतो तो जवस, १३० रुपये किलो. आणि तू साडेसातशे रुपये किलोनं खातेयस. त्याच्याच मागं बदामाचं पीठ, ४०० ग्रॅम ६४० ला, म्हणजे किलोला १६००. अख्खा चांगला बदाम आपण साडेआठशेला देतो. म्हणजे मिक्सर फिरवायचे साडेसातशे! एवढा नफा मला पस्तीस वर्षांत एका वस्तूवर कधी सुटला नाही.

केटो, म्हणजे भात-भाकरी-साखरेतले कार्ब जवळपास सोडून फॅटवर राहायचं, ते करू नको असं मी म्हणत नाहीय, आई म्हणते (ती म्हणते भात सोडला की माणूस चिडका होतो, आणि तुझ्या बाबतीत ती बरोबर पण असेल). तू डॉक्टरला दाखवून, रक्त तपासून सुरू केलंयस, झालं. मी पण आपल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले हा प्रकार मुळात वजनासाठी नाहीच, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९२१ साली फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी काढलेला, आणि त्यात सगळं काट्यावर मोजून द्यायचे, अमुक ग्रॅम लोणी, तमुक ग्रॅम साय. मला ते काट्याचं आवडलं. मी स्वतः करू का विचारलं तर म्हणाले तुमच्या शुगरच्या गोळ्या चालू आहेत, मला विचारल्याशिवाय भाकरी सोडायची नाही. तेव्हा आत्याला हे काही सांगू नकोस, ती लगेच सुरू करेल आणि गोळ्या तशाच घेत राहील.

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस महिन्याला चौदा हजार खाण्यावर जातात आणि केटो श्रीमंतांचं काम आहे. मी त्या पाकिटांवर मागं बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं, चष्मा लावून, आणि घरी येऊन दादाच्या मोबाईलवर एकेक धान्य शोधलं. कार्बमधनं फायबर वजा करायचं आणि उरतं ते तुझ्या दिवसाच्या वीस ग्रॅममध्ये धरायचं, बरोबर ना? मग हे बघ, शंभर ग्रॅम बदामात कार्ब साडेएकवीस, फायबर साडेबारा, राहिले नऊ. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात कार्ब सोळा, फायबर साडेआठ, राहिले साडेसात. म्हणजे शेंगदाणा बदामापेक्षा कमी! प्रोटीन पण त्यात जास्त, फॅट जवळपास तेवढंच, आणि भाव १४० रुपये किलो. आणि तुझ्या डब्यात बदामाबरोबर मिसळलेले काजू होते ते आधी काढ, काजूत तीस कार्ब आणि फायबर जेमतेम तीन, तो गोडच असतो गं, जिभेला पण कळतं. जवसाचं तर विचारूच नकोस, एकोणतीसमधले सत्तावीस फायबर. म्हणजे दोन राहिले. आपल्या आजीची जवसाची चटणी म्हणजे केटोच होती, फक्त ती भाकरीबरोबर खायची तेवढंच चुकायचं.

तेलबियांचं एक लक्षात ठेव, स्वस्त म्हणून पाच किलो भरून ठेवलं तर महाग पडतं, कारण त्या खवट होतात. मी एकदा जवसाला मागणी वाढलीय असं कुणीतरी सांगितलं म्हणून दोन पोती उचलली होती आणि त्यातलं एक पावसाळ्यात तसंच राहिलं, शेवटी फेकून दिलं, तुझ्या आईनं ते अजून काढायचं सोडलेलं नाही. जवस अख्खा घ्यायचा, मूठ भरून बघायची, चांगला असला तर बोटांतनं सटकतो, चकाकतो, आणि चावला तर कडवट लागत नाही. घरी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा आणि आठ दिवसांपुरताच मिक्सरला लावायचा, पूड फ्रीजमध्ये. शेंगदाण्याचं म्हणशील तर चटणीला आणि कुटाला घुंगरू, म्हणजे बारीक दाणा घे, जाडा दाणा दिसायला छान, पण कुटायचाच तर दिसण्याचे पैसे कशाला द्यायचे. दोन दाणे तळहातावर चोळून साल उडव आणि वास घे, दुकानदाराला राग येत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून तो आतलं पोतं उघडतो. काळपट किंवा बुरशीचे दाणे दिसले तर फुकट दिले तरी घेऊ नकोस. आणि मिक्सर सलग फिरवू नकोस, थांबत थांबत फिरव नाहीतर तेल सुटून गोळा होतो, बदामाचं पण तेच.

आता तू म्हणशील इथं कुठं पोती आहेत. अगं गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे, भुसार विभागात जा एखाद्या सकाळी. घाऊक बाजार आहे, पण पाच-पाच किलो देणारे पण असतात, विचारायला लाजू नकोस. तुझ्या दोन्ही रूममेट्स दाणे खातातच, तिघींत वाटून घ्या. तेवढं लांब नको तर बिल्डिंगखालचा किराणावाला आहे, अ‍ॅपवर ज्या नावानं शोधतेस त्या नावानं त्याला मागू नकोस एवढंच. फ्लॅक्स नाही, जवस. सेसमी नाही, तीळ. डेसिकेटेड कोकोनट नाही, खोबऱ्याचा कीस. चिया ऐवजी सबजा भिजवलास तर काय बिघडतंय. खोबरं मात्र सध्या चढलंय, आमच्याकडे गिऱ्हाईक भाव ऐकून वाटी परत ठेवतं, म्हणून ते खोबरेल तेल कॉफीत ओतणं बंद कर, तूप घाल हवं तर. (कॉफीत तूप. मी हे लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही.)

तुपावरनं आठवलं, तुम्ही फुल क्रीम दूध घेता आणि साय कोण काढतं? कोणीच नाही, सिंकमध्ये जाते, मी बघितलंय. एका डब्यात साठव, आठवड्यानं विरजण लाव, पुढचं आईला विचार.

आणि पनीर. सुटं पनीर स्वस्त मिळतंय म्हणून घेत जाऊ नकोस. मागच्या वर्षी इथल्या एका डेअरीतनं आणलेलं पनीर तव्यावर टाकलं तर रबरासारखं आक्रसलं, वासच नाही दुधाचा. पामतेल आणि दूध पावडरीचं असतं असलं, कधी कधी स्टार्च पण घालतात, आणि स्टार्च म्हणजे तुझे वीस ग्रॅम तिथंच संपले. बघायचं असेल तर तुकडा पाण्यात उकळ, गार होऊ दे, वर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाक, निळं पडलं की समज. त्यापेक्षा घरी कर, एक लिटर फुल क्रीम दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास निघतं, लिंबू पिळायचं, फडक्यात बांधून वर पाण्याचं भांडं ठेवायचं. खाली जे पाणी उरतं ते तू पिऊ नकोस, दुधातली साखर त्यातच उतरते, रूममेटला दे, कणीक भिजवायला फार छान.

भाजी हा तर आपला हक्काचा विषय. तू झुकिनी का घेतेस? दुधी घे. ती ब्रोकोली साठ रुपयांना एवढीशी, त्यात फ्लॉवरचे दोन गड्डे येतात. फ्लॉवर किसून तुपात परतून भातासारखा खातात म्हणे, मी करून बघितला, आमटीशिवाय काही मजा नाही, आणि आमटी तुला चालत नाही. मेथी, पालक, शेपू, वांगी, भेंडी, कोबी, दोडका, काकडी, सगळं चालतं, पालेभाजी थंडीत पोटभर घे, पावसाळ्यात पेंडी (तुमच्याकडे जुडी) महाग पण असते आणि निम्मी चिखल. संध्याकाळी उशिरा गेलीस तर वाटे लावून देतात. कांद्याला मात्र हात आखडता, तू एका भाजीला दोन कांदे घालतेस, शंभर ग्रॅम कांदा म्हणजे सात-आठ ग्रॅम कार्ब. आणि ज्वारी-बाजरी 'हेल्दी' आहे म्हणून चालते, राजगिरा उपासाचा म्हणून चालतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तिन्हीत साठ-सत्तर कार्ब आहेत, आमच्यासाठी उत्तम, तुझ्या कामाचे नाहीत.

चिकनचं दुकानदार म्हणून मला काय कळणार, पण दादा म्हणतो तू बोनलेस ब्रेस्ट मागवतेस. तेच सगळ्यात महाग आणि सगळ्यात कोरडं, आणि तुला तर फॅट पाहिजे ना? लेग पीस घे, स्किनसकट घेतलं तर अजून स्वस्त. बांगडा, तारली मिळाली तर घे, जून-जुलैत बंदी असते तेव्हा मासळीच्या नादाला लागू नकोस.

मी परवा वहीच्या मागच्या पानावर तुझा एक दिवस मांडला, आपल्या दुकानच्या आणि इथल्या भावानं. तीन अंडी २१, घरचं पनीर शंभर ग्रॅम ३७, भाजी ४०, तूप पंचवीस ग्रॅम १८, पाव किलो चिकन ६०, मूठभर दाणे ४. झाले १८०. वर मसाला, चहाचं दूध, गॅस धरून दोनशे धर. महिन्याचे सहा हजार. पुणं म्हणून सात धर. चौदा नाही.

एक तीनशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा घे, तेवढा खर्च माझ्याकडून. आणि सुरुवातीला डोकं दुखतं, पायात गोळे येतात म्हणालीस ना, डॉक्टर म्हणाले पाणी आणि मीठ कमी पडतं, लिंबू-मीठ-पाणी घेत जा, साखर न घालता.

शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल पाठवतोय, सकाळी सहाला स्वारगेटला ड्रायव्हरकडून घे, झोपून राहू नकोस. एक किलो जवस, दोन किलो घुंगरू, अर्धा किलो तीळ, आईनं केलेली कारळ्याची चटणी आणि थोडं तूप. दाणे कच्चेच आहेत, भाजून घे. भाकरी पण बांधत होती ती, मी काढून ठेवली, तिला कळवू नकोस. स्टीलचे तीन डबे आहेत, मागच्या वेळची दोन झाकणं अजून तुझ्याकडेच आहेत, ती पण पाठव.

तुझे पप्पा