गणेश घाटाच्या वाटेबद्दल मंदाला पत्र

मुलुंड, मुंबई
२९ जून २०२५

प्रिय मंदा,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतेस आणि माझं निम्मं राहून जातं. या वेळी सगळं ऐक. १३ जुलैला दादरला सुहासकडे बैठक आहे (६ला आषाढी, म्हणून पुढे ढकलली) आणि तिथे तुझं मत लागणार आहे. खांडसहून भीमाशंकरला चढणारी गणेश घाटाची वाट दुरुस्त ठेवणाऱ्या आपल्या संस्थेची तू कागदावर अजून विश्वस्त आहेस. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा, तर सुहास दर खेपेला "देतो, देतो" म्हणतो. आता वाटतं, दिला नाही तेच बरं झालं.

माझी तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो पण चढतो.

आपलं काम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं, ते धरूनच आम्ही बेत केला होता. यंदा पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. खालचे चर साफ झाले होते, गणपतीच्या देवळाच्या वरचे तसेच राहिले. गेल्या रविवारी वर गेलो तर ते पाचोळ्याने बुजलेले, आणि पाणी दरीकडे उतरायचं सोडून वाटेवरूनच धावत होतं. तू आणि वाडीतल्या काकांनी रचलेली ताल, माती अडवणारी ती सुक्या दगडांची भिंत, मात्र जशीच्या तशी उभी आहे. दगडाची लांब बाजू डोंगरात, सांध्यावर कुठे सांधा नाही, फटींतून पाणी शांतपणे निघून जातंय. मी तिथे थांबून चांगली पाच मिनिटं बघत बसले. तिच्या वरच्या वळणाला लोकांनी सरळ उतारावरून शॉर्टकट पाडलाय. माती पार गेली, नुसता घसारा. काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या, त्या बाजूला सारून रील काढणारी पोरं आमच्यादेखत वर चढली. तू हवी होतीस. तुझी एक हाक डोंगराच्या पदरापर्यंत, त्या मधल्या सपाटीपर्यंत ऐकू गेली असती.

आता मुख्य गोष्ट. सुहासच्या ओळखीने एका कंपनीचे लोक भेटून गेले. नाव लिहीत नाही, बैठकीआधी बोभाटा नको. त्यांच्याकडे सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्चायचा पैसा आहे, आणि रक्कम ऐकून सगळे गप्पच झाले. आपल्या वर्षभराच्या वर्गणीच्या कितीतरी पट. त्यांना देवळापासून पदरापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या करायच्यात, स्टीलचा कठडा लावायचाय, आणि खाली खांडसला कमान उभारून तिच्यावर त्यांचं नाव टाकायचंय. मार्चअखेर पैसे खर्च, मार्चअखेर उद्घाटन. पुढच्या पावसाळ्यात वाटेचं काय होतं ते बघायला त्यांच्यापैकी कोणी येणार नाही.

पैसा मलाही हवाय गं. टमटमचं भाडं, टिकाव-पहारींचे दांडे, वाडीतलं जेवण, ऑडिटची फी, सगळं त्याच पावतीपुस्तकावर चालतं आणि पावत्या दर वर्षी कमी फाटतात. पहाटेच्या कर्जत लोकलला आता आपल्यापैकी मोजकेच चेहरे दिसतात. नवीन मुलं येतात, मनापासून राबतात, पण दुसऱ्या रविवारी त्यांचा दुसरा किल्ला ठरलेला असतो. सुहासची पाठ पहार मारून मारून गेली आहे. "एकदाच पक्कं करून टाकू आणि मोकळे होऊ," असं तो म्हणतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. पण घाटात पक्कं काय राहतं? सिमेंटच्या पायरीखालून पाणी शिरतं, माती खातं, पायरी अधांतरी होते आणि एखाद्या मोठ्या पावसात तुकड्यांनी खाली येते. तिचे तुकडे कोण उचलणार? ताल ढासळली तर दोन माणसं दुपारपर्यंत परत उभी करतात. दगड तिथेच पडलेला असतो.

मी नियम वाचायला बसले. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के त्यांना खर्च करावे लागतात, हे तुला माहीत असेल. मला नवीन कळलं ते असं, की चालू प्रकल्प म्हणून घेतला तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं पैसे देता येतात. म्हणजे मार्चअखेरीची घाई कायद्याने लादलेली नाही. आपल्याकडे करसवलतीची १२ए आणि ८०जी नोंदणी आहे, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीचा सीएसआर-१ अर्ज भरलेला आहे. कंपनीच्या बाईंना मी म्हटलं, कमान राहू द्या बाजूला. वाडीतल्या दहा जणांना पावसाळ्याआधी चर उघडायची आणि पावसाळ्यानंतर ताली बघायची मजुरी द्या, चार वर्षं द्या. बाई चांगल्या आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, पण दुरुस्तीचा फोटो काय काढणार?"

त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. वाट राहते ती दर वर्षीच्या दुरुस्तीवर, आणि नेमकी तीच फोटोत दिसत नाही. शिवाय वरचा टप्पा भीमाशंकर अभयारण्यात येतो. १९८५पासून ते शेकरूचं घर आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पक्कं बांधकाम करताच येणार नाही, आणि "तुम्ही स्थानिक संस्था, तुम्ही मिळवा" असं कंपनीचं म्हणणं. अर्जावर सह्या आपल्या.

कमानीवरून तुझे वाट दाखवणारे बाण आठवले. तैलरंगातले, पांढरे, हातभर लांब! त्यावरून आपण किती महिने बोलत नव्हतो! तू म्हणायचीस, धुक्यात माणूस चुकला तर तुझं सौंदर्य काय कामाचं. मी आजही म्हणते, दगडांच्या छोट्या राशी पुरल्या असत्या. तुझ्या बाणाशेजारी आता कुणा "राज लव्ह पूजा"ने त्याच रंगात हजेरी लावली आहे. भांडण उकरून काढत नाही, पण माघारही घेत नाही.

आणि वाडीचं काय, हे तू विचारणारच. मलाही वाटत होतं, आजारी माणसाची डोली उतरवायला पायऱ्या बऱ्या पडतील. पदरावरच्या चहावाल्या वहिनींशी बोलले. त्या म्हणाल्या, डोलीला पायरी अडते, चौघांची पावलं जुळत नाहीत. डोक्यावर मोळी घेऊन उंच पायरी उतरताना गुडघे जातात, आणि पावसात सिमेंटवर शेवाळ धरतं. पण कड्यालगतच्या आडव्या टप्प्याला कठडा पाहिजेच, पोरं तिथून जातात तेव्हा जीव टांगणीला लागतो. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग चहा गाळता गाळता विचारलं, "आणि काम कुणाला? आम्हाला का ठेकेदाराला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीच्या कागदावर "अनुभवी ठेकेदार" असं लिहिलंय.

म्हणून मी बैठकीत मांडणार आहे ते असं. कठडा त्या एका टप्प्यालाच, वनखात्याला विचारून. बाकी पैसा चर, ताली आणि वाडीच्या मजुरीला, चार वर्षांसाठी. खांडसला कमान नको, एक लहान पाटी, त्यावर कंपनीचं नाव खुशाल असू दे. हे मान्य नसेल तर पैसे परत जाऊ देत. सुहास विचारेल, मग पहार कोण मारणार? त्याचं खरं आहे. वर्गणी दुप्पट करा असं मी म्हणणार, आणि निम्मे लोक खाली बघणार. तरी म्हणणार.

तुमचं कसं चाललंय? यंदाचा उन्हाळा निभावलात ना? अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नातीचं नाव काय ठेवलंत ते तू कळवलंच नाहीस, बारशाचे फोटो तेवढे आले. गोड आहे, नाक तुझं घेतलंय. गेल्या वर्षी नॅशनल पार्कात कारवी फुलली होती, २०१६ला आपण दोघी गेलो होतो त्यानंतर पहिल्यांदाच. तुझ्याशिवाय गेले, खूप आठवण आली. पुढची २०३२ला, तेव्हा नातीला घेऊन ये.

तर मंदा, मत लिहून पाठव. सही, तारीख, आणि कारण दोन ओळींत. माझ्याविरुद्ध असलं तरी पाठव. तुझं म्हणणं काय आहे ते मला कळलं पाहिजे, आणि बैठकीत ते मी स्वतः वाचून दाखवीन. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट मिळत असेल तर स्वतःच ये, गादी घालून ठेवते. नाहीतर लिफाफा शुक्रवारपर्यंत, म्हणजे ११ जुलैपर्यंत पोचेल असं बघ. २५ जुलैला श्रावण लागतोय, सोमवारची गर्दी वाटेवर उतरेल. त्याआधी वरचे चर तरी आम्हाला उघडायलाच हवेत, पैसे येवोत न येवोत.

आईंना नमस्कार.

तुझी,
शैला

ता. क. लिफाफ्यावर सुहासच्या घराचा पत्ता घाल, माझा नको. इथला पोस्टमन बदललाय.