कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतीच्या अनुदानावर सरकार किती खर्च करते, याची चर्चा अर्थसंकल्पाच्या वेळी होते. ते पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. गोव्यातील आमच्या पेडणे तालुक्यात भात लावतो एक आणि उताऱ्यावर नाव असते दुसऱ्याचे. मदत जाते ती त्या नावाला.

पीएम किसानचेच घ्या. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. पण १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असली पाहिजे. आमच्याकडे ती असते भाटकाराची (जमीनदाराची), कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची), नाहीतर देवस्थानची. स्वतःची म्हणावी, तर उताऱ्यावर अजून पणजोबा आणि खाली भाऊबंदांची लांबलचक यादी. आपल्या गोव्याच्या दिवाणी कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत आणि ते योग्यच आहे. पण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीची कायदेशीर प्रक्रिया करायची, तर मुंबईचे काका आणि पोर्तुगालला गेलेला पुतण्या यांना एकत्र कोण आणणार? त्या खर्चात अनुदानाचे कित्येक हप्ते बुडतात.

कुळांचे तर विचारूच नका. कूळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ हाच जमिनीचा मालक मानला गेला. जवळजवळ पन्नास वर्षे झाली, तरी मामलेदाराकडे तारखांना जाणारी कुळे आहेत. आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो.

आमच्या शेजारच्या काकी सरद (पावसाळी) शेती करतात आणि तिळारी धरणाचे पाणी वेळेवर आले, तर वायंगण (उन्हाळी) शेतीही. शेत भाटकाराचे. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे, लावणीची मजुरी, सगळे त्यांच्या पदरचे. गव्यांनी उभे पीक तुडवले, तेव्हा नुकसानभरपाईसाठी त्या गेल्या. पहिलाच प्रश्न आला, एक-चौदा (जमिनीचा उतारा) कुणाच्या नावावर? मग भाटकाराचा ना हरकत दाखला आणा. तो मिळाला नाही. पीक गेले आणि भरपाईही गेली. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

राज्याची आधारभूत किमतीची योजना त्या मानाने बरी, कारण ती विकलेल्या मालावर आहे. काजूचा आधारभाव २०२३ मध्ये किलोला १२५ रुपयांवरून १५० केला, त्याचा आमच्या डोंगराळ भागात खरोखर उपयोग झाला. पण तिथेही कृषी कार्ड, म्हणजे कृषी खात्याचे शेतकरी ओळखपत्र लागते आणि कार्डासाठी पुन्हा जमिनीचे कागद.

यावर उपाय त्याच एक-चौदाच्या उताऱ्यात आहे. त्याच्या खालच्या भागात पिकाखालील क्षेत्राचा तपशील असतो: वर्ष, हंगाम, पीक आणि कसणाऱ्याचे नाव. मी पाहिलेल्या बहुतेक उताऱ्यांवर हा भाग कोराच होता. तलाठ्याने आणि कृषी सहाय्यकाने दर हंगामात शेतावर येऊन तो भरावा आणि अनुदान, भरपाई, खत-बियाण्यांची सवलत त्या नावावर द्यावी. केंद्राच्या योजनेचे नियम गोवा सरकार बदलू शकणार नाही, पण पीक-नुकसानीची भरपाई देणारा शेतकरी आधार निधी आणि आधारभूत किंमत तर राज्याच्याच हातात आहे.

हा रकाना कोरा का राहतो, तेही उघड आहे. एकदा नाव लागले की उद्या कुळाचा हक्क सांगतील, ही भाटकारांची आणि कोमुनिदादची भीती. म्हणून ते ना हरकतही देत नाहीत आणि शेत पडीक राहिले तरी चालवून घेतात. ही भीती घालवायची, तर अनुदानापुरत्या नोंदीमुळे कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहावे लागेल. त्याच वेळी जे खरोखर जुने कूळ आहेत, त्यांच्या चालू दाव्यांना या तरतुदीने धक्का लागता कामा नये.

येत्या सरद हंगामाआधी कृषी आणि महसूल खात्याने निदान तालुक्यातील एका पंचायतीत तरी अशी नोंद करून पाहावी आणि कसणाऱ्यांची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. चुकीचे नाव आले, तर गावकरी लगेच सांगतील.

आपला,
एक शेतकरी वाचक, पेडणे