युरोपची थंडी आणि आपला पाऊस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी विदेश पानाच्या तळाशी ‘२०५७ मध्ये युरोप गोठणार!’ ही बातमी वाचली. तीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे लाल पेनाची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून हे पत्र.

पहिली तक्रार वर्षाबद्दल. कोपनहेगन विद्यापीठातल्या पीटर आणि सुसान डिटलेव्हसन या बहीणभावांनी २०२३ मध्ये युरोपला ऊब पुरवणारा अटलांटिकमधला मोठा सागरी प्रवाह (इंग्रजी आद्याक्षरांत ‘एएमओसी’) कधी कोलमडू शकेल याचे गणित मांडले. त्यांचे उत्तर होते २०२५ ते २०९५. या सत्तर वर्षांतले मधले एक वर्ष उचलून मथळा करायचा, म्हणजे ‘पावसाळा जून ते सप्टेंबर’ एवढ्यावरून ‘पाऊस १ ऑगस्टला’ असे छापायचे. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) अहवालात तर हा प्रवाह या शतकात अचानक कोसळणार नाही, असे मध्यम खात्रीने म्हटले होते. मंदावण्याची मात्र दाट शक्यता सांगितली होती. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांच्या मंत्र्यांना पत्र लिहून, हा धोका आजवर कमी लेखला गेला, असे बजावले. जाणकारांतच असे मतभेद आहेत. तुमच्या बातमीत त्यांचा मागमूस नाही.

प्रवाह केवढा, हेही बातमीत नव्हते. २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर समुद्रात उपकरणे सोडून तो मोजतात. सरासरी सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. पुणेकरांच्या हिशेबात सांगायचे तर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे मिळून २९.१५ टीएमसी, तेवढे पाणी तिथून पन्नास सेकंदांच्या आत निघून जाते. आपण वर्षभर ज्यावर भांडतो ते!

आणि ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर प्रवाह का मंदावावा? नातीने हेच विचारले. काचेच्या पेल्यात साधे पाणी घेतले आणि त्यात शाई घातलेले मिठाचे पाणी चमच्याने कडेकडेने सोडले. निळा धागा सरळ तळाशी गेला आणि तिथेच पसरला. मग शाईचे पाणी बिनमिठाचे घेतले. ते वरच रेंगाळले. उत्तर अटलांटिकमध्ये खारट पाणी गार होऊन जड होते आणि बुडते, त्याच्या जागी दक्षिणेकडून नवे खारट पाणी ओढले जाते. ग्रीनलंडचे गोडे पाणी मिसळले की बुडणे कमी होते. मेख पुढे आहे. तिकडे मीठ नेऊन पोचवतो तो हाच प्रवाह. तो मंदावला की मीठ कमी पोचते, मीठ कमी म्हणून बुडणे आणखी कमी. एका हद्दीपलीकडे बाहेरून कोणी ढकलायची गरज उरत नाही. हेन्री स्टॉमेल या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने हे कागदावर मांडले ते १९६१ साली.

या हद्दीला तुमच्या वार्ताहराने ‘कडेलोट बिंदू’ म्हटले आहे. शब्द झोकदार, पण टकमक टोक आठवते: ढकलले की क्षणात तळाशी. हा प्रवाह मात्र हद्द ओलांडल्यावरही कित्येक दशके मंदावत राहील, आणि हद्द ओलांडली त्या दिवशी कोणाला काही जाणवणारही नाही. आम्हा पेठकरांना पानशेत जवळचे. योगायोगाने तेही १९६१ च. धरण फुटले १२ जुलैच्या सकाळी. पण जवान रात्रभर वाळूची पोती टाकत होते तेव्हाच बहुधा त्याचे ठरून गेले असावे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या वाड्याच्या जिन्यात अकराव्या पायरीपाशी चिखलाची रेघ होती. चुना मारला तरी दरवर्षी पावसाळ्यात पुन्हा उमटायची.

आता मुख्य तक्रार. ही बातमी विदेश पानावर का? हा प्रवाह विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे उष्णता नेतो, आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेकडे झुकलेला आहे त्यामागे ही उष्णता मोठे कारण आहे. प्रवाह कोलमडला तर पट्टा दक्षिणेला सरकेल आणि आशिया-आफ्रिकेतले मोसमी पाऊस दुबळे होतील, हे त्याच आयपीसीसी अहवालात आहे. आणि हे नुसते संगणकाचे भाकीत नाही. गेल्या हिमयुगात उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा आपला मोसमी पाऊस मंदावला होता, याच्या खुणा मेघालयातल्या गुहांच्या चुनखडीत आणि अरबी समुद्राच्या गाळात मिळाल्या आहेत. तापमानवाढीने मोसमी पाऊस वाढेल असेही अंदाज आहेत, कारण गरम हवा बाष्प जास्त धरते. म्हणजे एक गोष्ट पाऊस वाढवायला बघते आणि दुसरी तोडायला. मृग कोरडा गेला की दुबार पेरणीचे पैसे कुठून आणायचे याच्या चिंतेत पडणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही घरची बातमी आहे.

बरे, विचारायला दूर जायचे कारण नाही. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणला आहे. हवामान खात्याचे इथले कार्यालय शिवाजीनगरला. १९२८ मध्ये खात्याचे तेव्हाचे मुख्यालय शिमल्याहून इथे आले म्हणून त्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. याच खात्याचे एकेकाळचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी आपल्या पावसाचे धागे पार प्रशांत महासागराच्या हवादाबापर्यंत नेऊन जोडले होते. तुमच्या वार्ताहराला परदेशी वृत्तसंस्थेची बातमी भाषांतरित करण्याऐवजी पीएमटीच्या बसने पाषाणला जाता आले असते. (हो, आता पीएमपी म्हणतात. कळले.)

जूनपासून तुम्ही धरणसाठ्याची चौकट रोज पहिल्या पानावर छापता. ती मी रोज वाचतो, आमच्या सोसायटीतले सगळेच वाचतात. एखाद्या रविवारी तिच्याच शेजारी या प्रवाहाबद्दल चार परिच्छेद छापावेत, इथल्या शास्त्रज्ञांना विचारून, आणि मथळ्यात वर्ष न घालता.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नारायण पेठ, पुणे ३०

ता. क. : बातमीखाली ‘ग्रीनलंडमधील वितळता बर्फ’ म्हणून जे छायाचित्र छापले आहे, त्यात पेंग्विन उभे आहेत. ग्रीनलंडमध्ये पेंग्विन नसतात.